शवच्छेदन आणि आपलें घर

मुलगा अथवा मुलगी वैद्यकीच्या महाविद्यालयांत गेली, कीं घरांतील वडील मंडळींस पहिली धास्ती वाटते ती शवच्छेदनाची. आतां शरीराचें अंतरंग पडद्यावर दिसतें. मग प्रेतास हात कशाला लावावा, असा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो. त्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शवच्छेदनाच्या मेजाभोवतीं विद्यार्थ्यांचा एक गट असतो. एक जण पुस्तक वाचतो, दुसरा सुरी चालवितो, तिसरा चिमट्यानें त्वचा उचलून धरतो. मग कामें बदलतात. चित्रांत रोहिणी तांबडी, नीला निळी व मज्जातंतू पिवळा असतो. प्रत्यक्षांत सारेंच फिकट दिसतें व बोटांनीं चांचपून ओळखावें लागतें. शिवाय देह सर्वांचे सारखे नसतात. दंडांतील मुख्य रोहिणी बहुधा कोपरापाशीं दुभंगते. क्वचित् ती वर दंडांतच दुभंगलेली आढळते. शेजारच्या मेजावर असा भेद एकदां पाहिला, म्हणजे पुढें रोग्यास सुई टोंचतांना हात सावध राहतो.

ही विद्या परकी नव्हे. प्रेत गवतांत गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून सात रात्री पाण्यांत ठेवावें आणि नंतर कुंचल्यानें हळूहळू घासून त्वचेपासून एकेक अंग पाहावें, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. १८३६ सालीं कलकत्त्यास रूढीचा रोष पत्करून ज्यांनीं शवच्छेदन केलें, ते पंडित मधुसूदन गुप्त आयुर्वेदाचेच अध्यापक होते.

पण हे देह येतात कोठून? १९४९ सालच्या मुंबईच्या ॲनॅटमी कायद्यानें बेवारशी प्रेतें महाविद्यालयांस देण्याची सोय झाली. ज्यांस कोणी नाहीं त्यांच्याच देहांवर आपल्या मुलांनीं शिकावें आणि आपण मात्र आपले देह राखून ठेवावे, हा न्याय आम्हांस बरा दिसत नाहीं.

देहदानाचा अर्ज भरला म्हणजे काम संपलें असें नाहीं. मृत्यूनंतर देह महाविद्यालयाकडे पोंचवावयाचा तो आप्तांनीं, आणि तोही कांहीं तासांत. एकानें विरोध केला तरी मृताची इच्छा मागें राहते. राहिला प्रश्न अंत्यविधीचा. देह हातीं नसल्यास दर्भाची प्रतिमा करून दहन करण्याची रीत आपल्या शास्त्रांत आहेच. श्राद्धकर्मही अडत नाहीं. नेत्रदान करूनही देह देतां येतो.

म्हणून ज्यांच्या मनांत हा विचार असेल, त्यांनीं तो धडधाकट असतांनाच मुलें, सुना व भावंडें एकत्र बसवून स्पष्ट सांगावा. दुःखाच्या घटकेस घरांत वाद घालण्याची पाळी कोणावर येऊं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.