रिकामं उत्तर म्हणजे चूक नव्हे

सर्व्हरचं प्रत्येक उत्तर जेसनच असणार, असं धरून पुष्कळ कोड लिहिला जातो. पण एचटीटीपीमध्ये २०४ हा स्टेटस कोड आहे. त्याचा अर्थच असा, की काम झालं, पाठवायला मजकूर नाही. नोंद डिलीट केल्यावर बरेच सर्व्हर हेच उत्तर देतात. ते पार्स करायला गेलात की एरर येते. कारण जेसनच्या नियमांत कोरा मजकूर बसतच नाही; 'काही नाही' सांगायलाही नल लिहावं लागतं.

आता बघा, नुकसान कोणाचं होतं? सर्व्हरवर काम पूर्ण, स्क्रीनवर मात्र 'अयशस्वी'. माणूस पुन्हा बटण दाबतो. डिलीटचं एकवेळ ठीक, पण पैसे भरायचं बटण असेल तर?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ही तपासणी लायब्ररीनेच करावी, ती वापरणाऱ्यावर ढकलू नये. आधी स्टेटस कोड पाहा. २०४ असेल तर पार्स न करता नल परत द्या.

कोणी म्हणेल, "मग रिकामं दिसलं की नल द्या, झालं!" तसं मात्र करू नका. यादी मागितली आणि २०० सोबत काहीच आलं नाही, तर तो बिघाडच आहे. तिथे नल दिलंत, तर स्क्रीनवर 'नोंदी नाहीत' दिसेल आणि बिघाड झाकला जाईल. अशा वेळी स्टेटस कोड सांगणारी स्पष्ट एरर द्या.

तुमच्या लायब्ररीची दोन्ही उत्तरांवर चाचणी घ्या: एक २०४, एक रिकामं २००. दोन्हींना ती सारखंच वागवत असेल, तर काम अजून बाकी आहे.