डास सोडताना विचारले कुणाला?



हिवतापाने २०२३ साली जगात सुमारे ५ लक्ष ९७ हजार माणसे मेली. त्यांपैकी शंभरात पंचाण्णव आफ्रिका खंडातील, आणि त्यांतही बहुसंख्य पाच वर्षांखालील बालके. हा आकडा आधी मनावर ठसवून घ्या. कारण पुढील वादात जो तो आपापल्या तत्त्वाची द्वाही फिरवितो आणि मेलेले मूल कुणाच्याच हिशेबात उरत नाही.

वाद बुर्किना फासो या देशातला आहे. तेथील बाना नामक खेड्यात जुलै २०१९ मध्ये जनुके बदललेले सुमारे ६,४०० निर्बीज नर डास सोडण्यात आले. नर चावत नाही, निर्बीजाची पैदास होत नाही, सबब भिण्याचे कारण नाही, असे लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या पुढाकाराने चाललेल्या 'टार्गेट मलेरिया' प्रकल्पाचे म्हणणे. तेवढे म्हणणे खरेही आहे. परंतु ही पहिली पायरी होय. अखेरचे साध्य 'जीन ड्राइव्ह'. साधारण जनुक निम्म्या संततीत उतरते, हे जवळजवळ साऱ्या संततीत उतरते. २०१८ साली प्रयोगशाळेतील पिंजऱ्यात अशा जनुकाने डासांची अवघी वसाहत अकरा पिढ्यांच्या आत नामशेष केली. असा डास उडाला की त्यास माघारी बोलाविता येत नाही, आणि देशाची सीमा तो जाणत नाही.

लसीची गोष्ट निराळी. 'आर-२१' ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती निर्माण केली, आणि तिची एक महत्त्वाची चाचणी बुर्किना फासोतल्याच नानोरो येथे ४५० बालकांवर झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. सुई टोचण्यापूर्वी आईला विचारावे लागते. ती होय म्हणेल वा नाही म्हणेल. (नाही म्हणून अंगाऱ्यावर विसंबणारीची गय मात्र हिवताप करीत नाही!) डासाच्या बाबतीत एका घराचा नकार कसा पाळणार? प्रकल्पाने गावात बैठका घेतल्या, हे मान्य. पण जेथे 'नाही' म्हणणाऱ्याचे मत मोजले जाते, तेथेच संमती हा शब्द शोभतो.

तुम्ही म्हणाल, आपला याच्याशी संबंध काय? १९७५ साली हरियाणातील सोनीपत येथे निर्बीज एडिस डास सोडण्याचा बेत होता, पैसा अमेरिकेचा. वृत्तपत्रांत व संसदेत गदारोळ उठला, बेत रद्द झाला. विचारलेले प्रश्न रास्तच होते: एडिस डास हिवताप पसरवीत नाही, मग आधी त्याचाच अभ्यास का? पण त्याच काळात हिवताप देशात परतला होता. १९६५ साली सुमारे एक लक्ष असलेले रुग्ण १९७६ साली चौसष्ट लक्षांवर गेले. बेत हाणून पाडणाऱ्यांपैकी किती जण त्यानंतर खेड्यातील फवारणीसाठी भांडले?

बुर्किना फासोच्या सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकल्पाची सारी कामे बंद केली. विरोधकांनी हर्ष केला. परवाना देणारे राजधानीत, बंद करणारेही राजधानीत! आज औषधी मच्छरदाणी, रक्ततपासणी आणि लस ही तिन्ही साधने हाताशी आहेत. ती प्रत्येक झोपडीपर्यंत पोचवा, ही मागणी दोन्ही पक्षांपुढे ठेवली पाहिजे. आणि तुमच्या वस्तीत आरोग्यसेविका येईल तेव्हा तिला दारातून परतवू नका. काय टोचता, काय फवारता, कशासाठी, हे विचारा; आणि उत्तर मिळेतो उंबऱ्यावर उभे राहा.