झाड आपले, पाणी गावाचे



बांधावरचा साग आपण लावला, आपण गुरांपासून राखला. पोरीच्या लग्नाला तो तोडायची वेळ आली, की १९६४ चा वृक्षतोड कायदा आडवा येतो. साग, आंबा, चिंच, मोह, खैर यांपैकी झाड असेल, तर स्वतःच्या रानातही अधिकाऱ्याची परवानगी पाहिजे. मग शहाणा शेतकरी काय करतो? सागाचे रोप दिसले की वखराखाली घालतो. झाड वाचवायला केलेला कायदा झाडाच्याच मुळावर येतो.

बांबू तर गवताच्या जातीचा. १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवले. ही चूक दुरुस्त व्हायला २०१७ साल उजाडले, म्हणजे ९० वर्षे गेली. आता तेच सरकार शेतात बांबू लावा म्हणून सांगत फिरते.

जो राखतो त्यालाच विकण्याचा हक्क असला, तर तो राखतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने हे दाखवून दिले. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. २०११ साली परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. मग गावाने बांबू स्वतः विकला.

इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतील. पुढचे बोलणे कडू आहे.

झाड बांधावर उभे असते, ते ज्याचे त्याचे. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकाने सहाशे फूट बोअर मारले, की शेजाऱ्याची विहीर बसते. पऱ्हाटीला शेवटचे पाणी द्यायचे, तेव्हा मोटार नुसती हवा ओढते. "माझे रान, माझे बोअर" हे म्हणणे स्वातंत्र्याचे नाही. ते शेजाऱ्याच्या हक्कावर आक्रमण आहे. २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली. पण रिगची गाडी रात्री कोणत्या शिवारात उभी राहते, हे मुंबईतल्या कचेरीला कसे कळणार? ते गावाला कळते.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे आपल्यासारखेच कमी पावसाचे गाव. तिथे ग्रामसभेनेच शेतीसाठी बोअर बंद केले. पावसाळा संपला की पाण्याचा हिशेब मांडतात; पाणी कमी असेल, तर रब्बीचे क्षेत्र कमी करतात. गावाने स्वतः घातलेले बंधन गाव पाळते.

१९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. लघुसिंचन, पाणलोट, सामाजिक वनीकरण धरून २९ विषयांची यादी पंचायतींसाठी आली. यादी गावाला मिळाली, तिजोरी आणि शिक्का वरच राहिला. तो मागायला आपण मोर्चे काढू. पण आपली ग्रामसभा कशी होते? रजिस्टर घरोघर फिरते, सह्या होतात, सभा झाली! अशा गावाच्या हाती शिक्का आला, तर तो चार पुढाऱ्यांच्या खिशात जाईल, आणि साहेबाच्या जागी सरपंच बसेल.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवतो. पहिली मागणी सरकारकडे: स्वतःच्या जमिनीत लावलेले झाड परवानगीतून मोकळे करा. दुसरी मागणी आपली आपल्याकडेच: २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला, रब्बीचे बियाणे आणण्याआधी, स्वतः हजर राहायचे. बायाबापड्यांनीही यायचे. किती पाऊस झाला, विहिरींना किती हात पाणी आहे, हे फळ्यावर लिहायचे. कोणी किती भिजवायचे, हे सर्वांसमक्ष ठरवायचे.

पहिली मागणी मान्य व्हायला वेळ लागेल. दुसरीला कोणाच्या सहीची गरज नाही.