पेटीला फट हवी, खिडकी नको



आमच्या सल्ला केंद्राच्या दारात पूर्वी लाकडी तक्रारपेटी होती. वर चिठ्ठी टाकण्यापुरती फट, खाली कुलूप, किल्ली दोघींकडे. पण कारखान्यातल्या, दुकानांतल्या बायांना त्या दारापर्यंत येण्याचीच धास्ती वाटे. म्हणून आम्ही पेटी संगणकावर नेली. नाव न सांगता मोबाइलवरून मेसेजचे फोटो, रेकॉर्डिंग, अर्ज टाकता येईल अशी सोय एका व्यावसायिकाकडून करून घेतली. पुढचे काही महिने आम्ही खूश होतो.

मग एका अनोळखी बाईचा फोन आला. "ताई, माझ्या आधी कोणी काय टाकलंय, त्याची यादी मला दिसतेय."

फाइल उघडत नव्हत्या, फक्त त्यांची नावे दिसत होती. पण एकीने फाइलला स्वतःचे नाव, सुपरवायझरचे आडनाव आणि तारीख दिली होती. लहान गावात एवढे पुरते. आम्ही त्याच संध्याकाळी पेटी बंद केली आणि तिला जाऊन सांगितले. तिने एकच विचारले, "कोणी पाहिलं?" उत्तर आमच्याकडे नव्हते. त्यानंतर ती केंद्रात आली नाही.

या चुकीत कोणाचा वाईट हेतू नव्हता. अर्जातल्या शब्दांवर आम्ही बैठकीत दोन तास वाद घातला होता आणि ही बाब मात्र 'तांत्रिक' म्हणून सोडून दिली होती. त्या प्रसंगानंतर मी ती समजून घेतली. ती अवघड नाही.

सर्व्हरवरच्या प्रत्येक फोल्डरला तीन परवानग्या असतात : आतली यादी वाचण्याची, आत काही ठेवण्याची वा काढण्याची, आणि आत जाण्याची. त्या मालक, गट आणि इतर अशा तिघांना वेगवेगळ्या देता येतात. निनावी येणारी बाई 'इतर'मध्ये मोडते. तिला ठेवण्याची आणि आत जाण्याची परवानगी द्यायची, यादी वाचण्याची नाही. हीच आपली फट. आमच्या पेटीला फटीऐवजी खिडकी बसवली होती.

एवढ्याने भागत नाही. यादी दिसली नाही तरी फाइलचे नाव अंदाजाने ओळखता येते, म्हणून आलेली फाइल वाचण्याची परवानगीही इतरांना नको. शिवाय ठेवण्याच्या परवानगीत काढण्याची परवानगी आपोआप येते, म्हणजे कोणी पुरावा पुसूही शकेल. त्यासाठी फोल्डरवर 'स्टिकी बिट' नावाची खूण लावतात. मग फाइल तिच्या किंवा फोल्डरच्या मालकालाच पुसता येते. पण निनावी येणारे सारे संगणकाच्या लेखी एकच खाते असतात. म्हणून फोल्डर केंद्राच्या खात्याच्या मालकीचा हवा आणि फाइल येताच तिची मालकीही केंद्राकडे वळवायला हवी. जाणकाराला सांगताना 'फोल्डर १७३३' एवढे म्हटले तरी त्याला कळेल. आलेली फाइल रोज तिथून उचलून नवे नाव देऊन बंद जागी हलवायची.

हा धोका नवा नाही. अमेरिकेतल्या सर्ट या संगणक सुरक्षा केंद्राने १९९३ सालीच इशारा दिला होता की, कोणालाही लिहिता येणाऱ्या निनावी सर्व्हरवर परके लोक आपला चोरटा माल ठेवून देवघेव करतात. वाचणे आणि लिहिणे दोन्ही सर्वांना खुले असेल, तर बायकांच्या संस्थेच्या पेटीतून उद्या अश्लील चित्रेही फिरतील.

काही मैत्रिणी म्हणतात, निनावी तक्रारीचा उपयोग काय? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार लेखीच लागते. मान्य. पण निनावी फाइल ही तक्रार नसते. दार ठोठावून पाहणे असते. त्याच कायद्याचे कलम १६ तक्रारदार बाईची ओळख जाहीर करायला मनाई करते. मालकाने गुप्तता पाळावी म्हणून आपण भांडतो, तर आपल्या घरी तिची जबाबदारी कोणाची?

कोणी पाहायचे, कोणी ठेवायचे, कोणी पुसायचे, हा सत्तेचाच प्रश्न आहे. घरातल्या कपाटाच्या किल्लीबद्दल आपण तोच विचारत आलो. सर्व्हरबद्दल विचारताना मात्र संकोचतो, कारण समोरचा भराभर इंग्रजी शब्द फेकतो. संकोचू नका. परक्या मोबाइलवरून स्वतः आपल्या पेटीत एक फाइल टाका. मग यादी दिसते का, दुसऱ्याची फाइल उघडते का, आपलीच पुसता येते का, ते पाहा. तिन्हींचे उत्तर 'नाही' येईपर्यंत पेटी उघडू नका. येणाऱ्या बाईचा संगणक-पत्ता सर्व्हरवर नोंदला जातो का, तेही विचारा. नोंदला जात असेल, तर 'निनावी' हा शब्द वापरू नका.

आमची पेटी पुन्हा सुरू झाली आहे. तिची तपासणी दर महिन्याला आम्ही दोघी करतो. ती बाई परत येईल की नाही, माहीत नाही. पुढच्या बाईला मात्र "कोणी पाहिलं?" असे विचारायची वेळ येऊ नये.