सातबाऱ्यावर सही आहे, तरी शिक्का हवाच!

वैयक्तिक विदा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाल्यापासून ऑनलाइन सेवा केंद्रचालकांचा एकच सवाल येतो आहे: गिऱ्हाइकांचे आधार आमच्या पीसीत सापडले, तर दंड आम्ही भरायचा का? सवाल रास्त आहे. पण ते आधार पीसीत कुणाच्या हट्टापायी साठले?

महाभूमीवर 15 रुपयांत निघणाऱ्या सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी असते, क्यूआर असतो. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही, असे महसूल खात्यानेच सांगून झाले. तरी खिडकीवर तेच पालुपद, ‘शिक्का मारून आणा’. मग पीडीएफ छापा, सज्जावर धाडा, शिक्क्यासह स्कॅन करा आणि पोर्टलच्या केबीच्या मापात बसवून चढवा. यात डिजिटल स्वाक्षरीची माती होते आणि शेतकऱ्याच्या जमिनीची नक्कल आपल्या डेस्कटॉपवर पडून राहते. ई-केवायसी उरकल्यावरही आधारचा रंगीत स्कॅन मागणारे महाभाग वेगळेच!

स्वाक्षरीचा दस्त स्वतःच स्वतःचा पुरावा असतो. तो शेतकऱ्याच्या मोबाइलात राहावा, कार्यालयाने क्यूआर तपासावा आणि मोकळे व्हावे. साठवायचे कशाला? विकेंद्रित इंटरनेट म्हणतात त्याचा आपल्या धंद्यातला अर्थ एवढाच. आधारचा क्यूआर तर नेट नसतानाही तपासता येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये जालना जिल्ह्यात नेट बंद झाले, तेव्हा पोर्टलच्या भरवशावरचे काम कसे अडते ते आपण पाहिलेच.

उलट सगळी माहिती एका सर्व्हरवर आणि किल्ली एका लॉगिनची, असे झाले की काय होते? अंबड-घनसावंगीच्या अतिवृष्टी अनुदान प्रकरणात वरिष्ठांचे लॉगिन वापरून बनावट लाभार्थी घुसवल्याचा आरोप आहे. 2025 मध्ये गुन्हाही नोंदला गेला. तरी आपल्यातले काही जण पासवर्ड चिकटवलेला मॉनिटर गिऱ्हाइकाकडे वळवून बसतात! विदा संरक्षणाच्या नव्या कायद्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते. तुमच्या दुकानाला ती मिळेल या भ्रमात राहू नका. बहुतेक तरतुदी अधिसूचनेपासून 18 महिन्यांनी लागू होतील, तोवर घर आवरा.

काम झाले की व्हॉट्सअ‍ॅपवरचे आधार त्याच दिवशी पुसा. चालेल तिथे मास्क केलेला आधारच घ्या. लॉगिन भावालाही देऊ नका. आणि शिक्का मागणाऱ्या प्रत्येक कार्यालयाकडून ती मागणी लेखी घ्या, तिची प्रत आमच्याकडे पाठवा. सगळ्या प्रती एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू.