कार्यकर्त्याच्या संशोधनाचे वावडे का?

‘कार्यकर्त्यांनी संशोधनात लुडबुड करू नये’ हे पत्र वाचले. बांधिलकी आली की निष्कर्ष आधीच ठरतो, हा त्यातला आक्षेप गडचिरोलीतील कामापुढे टिकत नाही.

तिथे कार्यकर्ते म्हणून काम करणाऱ्या डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी दाईंच्या हाती श्वास मोजायचे साधे साधन दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटभराची वाळू संपण्याआधी लाल मणी आला, तर न्यूमोनियाचा धोका. दाईंना मोठे आकडे मोजता येत नाहीत, ही अडचण गावात वावरणाऱ्यालाच दिसते. पुढे घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला, पण तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवली. नवजात मृत्यूदरातील ६२ टक्के घट १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली, ती या तुलनेच्या बळावर. २०११ पासून आशाताई देशभर अशीच सेवा देत आहेत.

पूर्वग्रह कोणालाही असू शकतो; त्याला वेसण पद्धतीची. आकडे विरोधात गेले तरी ते छापण्याची तयारी कार्यकर्त्याने ठेवावीच. मात्र औषध कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या संशोधनालाही पत्रलेखकाने हीच फूटपट्टी लावावी.

— एक वाचक, नागपूर