थंड पाणी शुद्ध असतेच असे नाही

होळी झाली की उन्हाचा चटका वाढतो आणि ग्रामपंचायतींच्या मासिक सभेत एक विषय हमखास येतो : 'थंड पाण्याचे मशीन बसविणे'. तीन कोटेशने येतात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढच्या उन्हाळ्यात बघावे, तर त्याच मशीनला टेकून सायकली उभ्या! तोट्या गायब, आत गाळ. शाबूत राहते ती फक्त उद्घाटनाची पाटी. वाचकहो, हे चित्र तुम्ही कुठे पाहिले नसेल, तर तुमचे गाव भाग्यवान समजा.

मशीन बंद पडले की जारवाल्याचे फावते. वीस लिटरच्या जारमधले पाणी गार असते, पण ते कुठले, कोणी तपासले, हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो. गारव्याने चव लपते, खारटपणाही कमी जाणवतो. जंतू मात्र थंडीने मरत नाहीत. म्हणून नळाला कायम जोडलेले, गाळणी असलेले मशीन बसवायचा विचार चांगलाच आहे. तो डोळसपणे व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

पहिली गोष्ट, दुकानात जाण्याआधी प्रयोगशाळेत जा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. भारतीय मानक 10500 (2012) प्रमाणे विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतात. फ्लोराईड 1, फार तर 1.5, नायट्रेट 45 च्या वर नको. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातले पाणी वेगळे, यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराईडच्या गावांतले वेगळे आणि धरणावरून शुद्ध होऊन येणारे वेगळे. मग सगळीकडे एकच मशीन कसे चालेल?

आता गाळणीचे बघा. कार्बनची गाळणी वास आणि क्लोरीन काढते, क्षार काढत नाही. यूव्हीचा दिवा जंतू मारतो. पण पाणी गढूळ असले किंवा वीज गेली की त्याचा उपयोग संपला. यूएफची जाळी नुसत्या नळाच्या दाबावर जंतू अडवते, म्हणून भारनियमनाच्या गावाला ती सोयीची. क्षार आणि फ्लोराईड काढायला या तिन्हींचा उपयोग नाही, उकळूनही ते जात नाहीत. तिथे आरओच लागतो. पण आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. जिथे टँकर चालतात, तिथे गोड्या पाण्यावर आरओ लावणे म्हणजे भरल्या हंड्याला भोक पाडणे! गरजच असेल तर टाकाऊ पाणी फरशी धुण्याला, संडासाला वळवा. फ्लोराईडचे असेल तर ते गुरांना मात्र पाजू नका.

एक बारीक गोष्ट विक्रेता सांगत नाही. टीसीएल टाकल्याने पाण्यात जो क्लोरीन उरतो, तो कार्बन काढून घेतो. पुढे मशीनच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखण कोणाची? टाकी महिनोन्‌महिने धुतली नाही, तर गाळलेले पाणी तिथेच नासते. म्हणून झाकण उघडून हात आत जाईल, तळाची तोटी सोडून गाळ काढता येईल, अशीच स्टीलची टाकी घ्या.

माप कसे ठरवायचे? '40/80' म्हणजे तासाला 40 लिटर गार करणारे, 80 लिटर साठवणारे. शंभर कामगार जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकी अर्धा लिटर प्यायले तर 50 लिटर लागते; तिथे हे पुरते. पण बाजार समितीत लिलावाच्या दिवशी पाचशे माणसे आली, तर तासाभरात 250 लिटर लागेल. तिथे 40/80 बसवले, तर मागच्याला कोमटच मिळणार. मे महिन्यात टाकीतले पाणीच तापलेले असते, म्हणून थोडे मोठे घ्या.

वीज आणि पाणी शेजारी आले की धोका आलाच. पक्के अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच नसेल, तर बिल मंजूर करू नका. शाळेत एक तोटी लेकरांच्या हाताला येईल एवढी खाली हवी, दवाखान्यात चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पोचेल अशी. सांडपाण्याला शोषखड्डा हवा, नाहीतर चिखल आणि डास ठरलेले. जागा मुतारीपासून लांबची निवडा. 1948 च्या कारखाने कायद्याने मुतारीपासून सहा मीटरचे अंतर आणि 250 हून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाण्याची सोय, ही दोन्ही बंधने घातली होती. जे कारखान्याला लागू, ते बसस्थानकावरच्या म्हाताऱ्या बाईला का नको?

शेवटचा मुद्दा पैशाचा. मशीन एकदा घेतले जाते, गाळणी दरवर्षी लागते. खरेदीच्या ठरावातच देखभालीची तरतूद, टाकी धुण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव लिहून घ्या. ती तारीख मशीनवर खडूने लिहिली तरी चालेल. देणगीदाराच्या पाटीपेक्षा तिची गरज जास्त आहे.

आपल्याकडे पाणपोई घालणे हे पुण्य मानतात. पण जुन्या पाणपोईवर रोज रांजण घासणारी एक बाई असायची, हे आपण विसरलो. येत्या ग्रामसभेत उठून एवढेच विचारा : पाण्याचा रिपोर्ट कुठे आहे, आणि टाकी शेवटची कधी धुतली? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.